थंडी का वाजते

ऊन लागतं, पाऊस लागतो,
थंडी मात्र वाजते.
सदाशिव पेठेत, कोशाच्या कचेरीत,
ह्या एका क्रियापदाशी
तीन संपादक आठवडाभर अडले.
एक म्हणाले, दात वाजतात म्हणून.
दुसरे पार संस्कृतापर्यंत जाऊन
हात हलवत परत आले.
तिसऱ्यांनी उठून खिडकी लावून घेतली.
मी सगळ्यांत कनिष्ठ.
मला म्हणाले, तुम्ही जाऊन विचारा.
कुणाला, ते नाही सांगितलं.

म्हणून पौषात, पहाटे साडेतीनला,
भावाचं जर्किन, खिशात कोरी कार्डं,
मी मार्केट यार्डात.
मेथीच्या ढिगातून वाफ निघत होती.
पोत्याचा एक कोपरा दुसऱ्यात खोचून
हमालांनी डोक्यावर खोळी घेतल्या होत्या.
"थंडी मी म्हणतीया आज," त्यातला एक म्हणाला.
मी म्हणजे कोण, मी विचारलं.
"आमी 'आमी'च म्हंतो, बाई.
'मी' म्हणायचं ते सायबानं, न्हाईतर थंडीनं."
लिहून घेतलं.

गुलाबी थंडीचं नाव काढलं
तर मेहबूब तांबोळी किटली शेगडीवर ठेवत हसला:
"ती दहाला येते, ताई, उठणाऱ्यांच्या सोयीनं.
आमच्याकडं निळी असते."
आणि नखं दाखवली.

येसू आवळे जाळावर हलगी शेकत होता,
कुणाच्या तरी वरातीला जायचं होतं त्याला.
"गारठ्यात कातडं ढिलं पडतं.
थाप मारली तर पोत्यावर मारल्यागत.
हलगी वाजंना झाली
की माणूस वाजाया लागतो,"
म्हणाला, आणि थरथरता हात
माझ्या कार्डाजवळ धरला.
माझाही थरथरतच होता.
ते कार्ड अजून वाचता येत नाही.
संपादकांनी विचारलं, हे काय गिचमिड?
म्हटलं, हाच पुरावा.

आणि काट्याशी रखमाजी खिलारे, तोलार.
माझ्याकडं न बघता, स्वतःशीच:
"आज पारड्यात बसलीय थंडी."
हे कुठं ऐकलं नव्हतं.
तेव्हा त्यांनी दाखवलं:
रात्रभर रिकामा तराजू,
दाराकडचं पारडं उघड्यावर,
त्यात दव साचतं.
पहाटे ते एवढंसं खाली गेलेलं असतं,
करंगळीच्या नखाएवढं.
उपरण्यानं पुसून मगच पहिलं वजन.
"न्हाई पुसलं तर थंडीचं पैसं
कुणाच्या तरी माथी बसणार."
कुणाची म्हण ही?
"म्हण कसली! मीच बोललो होतो एकदा,
घरी जाऊन, वैतागून.
बायको हसली.
हसली ती हसली, आन् नळावर जाऊन सगळ्यांस्नी सांगितलं."

त्याला झाली चौदा वर्षं.
पारडी गेली. आता काट्यावर
तांबडे आकडे उमटतात,
दव पडलं तरी त्यांना कळत नाही.
परवा कात्रजच्या बसमध्ये, सकाळी,
शेजारची मुलगी स्कार्फमधून फोनवर म्हणाली,
"पारड्यात बसलीय गं थंडी, मी नाही येत कॉलेजला."
मी दचकले. हे कुठलं, विचारलं.
"असंच म्हणतात की," ती म्हणाली,
"जुनं आहे. पहिल्यापासूनचं."
आणि स्वारगेटला उतरून गेली.

कचेरीत जाऊन 'प'चा खण ओढला.
कार्ड होतं.
व्युत्पत्तीपुढं संपादकांची शाई: अज्ञात.
खाली माझी पेन्सिल, पुसट:
रखमाजी खिलारे, तोलार, फुलांच्या गाळ्यापलीकडं.
त्याच्याखाली, 'आणि' लिहून,
एक रेघ मोकळी सोडलेली.
जी हसली आणि नळावर गेली,
तिचं नाव मी विचारलंच नव्हतं.
बोटं वळत नव्हती तेव्हा,
आणि रखमाजींकडं पहिली गाडी लागली होती.